आडव्या रेषा

४ नोव्हेंबर, सोमवार

पुण्याच्या संग्रहालयाचं उत्तर आलं. पहिल्या यादीत माझं नाव आहे. काम असं, की जुनी चित्रं आणि ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी माणसं, दोन्हींचे फोटो काढायचे. कॅमेरा मीडियम फॉरमॅट डिजिटल, म्हणजे मोठ्या सेन्सरचा. त्यातला फोटो स्क्रीनवर पूर्ण मोठा करून पाहिला तर कापडाचा धागा न्‌ धागा मोजता येतो. अट एकच आहे. एकाच कॅमेऱ्यावर दोन लेन्स लावून पाहायच्या, धार कुणाची जास्त ते ठरवायचं आणि का ते लिहायचं. एक सपाट वस्तू आणि एक जिवंत चेहरा, दोन्हींवर. रोजची नोंद ठेवा म्हणतात. म्हणून ही वही घेतली. पण यातलं अर्धंअधिक त्यांना पाठवण्यासारखं होणार नाही, हे पहिल्याच दिवशी दिसतंय.

कॅमेरा आणि दोन्ही लेन्स रायपूरच्या कौस्तुभनं दिल्या. त्याचा तिथे स्टुडिओ आहे. एक लेन्स नवी, एक जुनी, मधे जोडणीचं कडं लावून कॅमेऱ्यावर बसवायची. देताना म्हणाला, "पडली त तुले पाडीन." मित्र म्हणावा असा हा एकच उरलाय, आणि तोही रायपुरात.

मी आजवर हथखोजच्या कारखान्यांसाठी गिअर, रोलर आणि नटबोल्टांचे फोटो काढत आलो. लोखंडाचं एक बरं असतं. ते हलत नाही, डोळे मिटत नाही आणि 'झालं का' विचारत नाही. पण त्रेचाळिसाव्या वर्षी माणसाला वाटतं की आपणही कधी चेहऱ्याचा फोटो काढावा.

ही बातमी घरात सांगायला कोणी नव्हतं. म्हणजे बाबा होते. पण बाबांना सांगणं म्हणजे ओरडणं. त्यांची उभी नोकरी रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये गेली, आता कानानं कमी येतं. मिलमध्ये बोलून उपयोग नसायचा. मान खाली-वर झाली की हो, हात आडवा फिरला की थांब. तीच भाषा त्यांनी घरी आणली. आई होती तोवर ती तिघांच्या वाटचं बोलायची. ती गेली आणि कोहक्याचं हे घर मानेवर आणि हातावर चालायला लागलं.

६ नोव्हेंबर, बुधवार

गच्चीच्या भिंतीवर पेपरची पानं चिकटवली. ट्रायपॉड, रिमोट, सगळं शास्त्रानुसार. नवी लेन्स कोपऱ्यापर्यंत कडक आहे. छोट्या जाहिरातींतलं 'त्वरित भेटा' अगदी कडेलाही वाचता येतं. जुनी मधे तितकीच धारदार, कडेला किंचित ढिली. पण तिच्यातला राखाडी रंग काय सुंदर येतो!

दूरचं पाहायला जामुलच्या कारखान्याचं धुराडं धरलं. तिकडे हवेत इतकी धूळ होती की दोन्ही लेन्स सारख्याच हरल्या.

हे सगळं मोठ्यानं बोलत होतो. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईनं दोनदा वळून पाहिलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज बाबांना विचारलं. बरेच दिवस टाळत होतो.

पुण्याचं झालं तर मी जाईन. संग्रहालयाकडून खोली मिळेल, पण एकट्याची. बाबांना इथे एकटं ठेवता येणार नाही. नागपूरला भाग्यश्रीताई आहे, तिचं घर मोठं आहे, तिची तयारीही आहे. फक्त बाबांच्या तोंडून यायला हवं होतं.

ते अंगणातल्या स्टुलावर बसले होते. मी वाकून कानाशी म्हटलं, "बाबा, मले पुण्याले नोकरी लागली त तुम्ही ताईकडे राहाल का? नागपूरले? कायमचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मान हलवली. एकदा नाही, दोनतीनदा. हो.

मी मनात किती तयारी केली होती. ते चिडतील, हात आडवा करतील, आईचं नाव काढतील. काहीच नाही. लगेच ताईला फोन लावला. ती म्हणाली, "अगं बाई! येवढ्या लवकर हो म्हनले? मले त वाटलं होतं घर सोडतच नाहीत ते."

मलाही तेच वाटलं होतं. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. माझ्याबरोबर राहण्याचा त्यांना इतका कंटाळा आला असेल असं वाटलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

जिवंत चेहरा कुठून आणायचा? मी स्वतः लेन्सच्या मागे. रुक्मा स्वयंपाकाला येते, तिला विचारलं तर पदर तोंडावर घेऊन पळाली. उरले बाबा. नाहीतरी जाणारच आहेत, एक चांगला फोटो तरी राहील.

सकाळी खिडकीजवळ आरामखुर्चीत बसवलं. डोकं मागे टेकलेलं, उजेड एका बाजूनं. नवी लेन्स. उजेड बेताचा, म्हणून शटर सेकंदाच्या आठव्या भागाइतकं उघडं ठेवावं लागलं.

फोटो अप्रतिम आला. भुवईतला पांढरा केस, पापणीची कड, दाढी करताना न्हाव्यानं सोडलेली एक जागा. बाबा आता दाढीला दुकानात जातात. हयातभर स्वतः केली, आता चैन सुचतेय म्हाताऱ्याला!

मी स्क्रीनसमोर बराच वेळ बसलो होतो. इतक्या जवळून मी बाबांना कधी पाहिलं नव्हतं. डाव्या डोळ्याखाली एक भाजल्याचा डाग आहे. तो कधीचा, कशाचा, मला माहीत नाही. ते पलीकडच्या खोलीत होते. उठून विचारता आलं असतं, पण ओरडून विचारावं असा तो प्रश्न नव्हता.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

रुक्माला बोललो. ती बाबांना अर्धाच कप चहा देते. दूध काय तिच्या घरचं आहे? ती म्हणाली, "बाबूजी ही बोले हैं, आधा देना." असेल. म्हाताऱ्यांची भूक कमी होते म्हणतात.

बाबा हल्ली पेपरही हातात धरत नाहीत. टेबलावर पसरून वर वाकून वाचतात. मी काही विचारलं तर मान डोलावतात. भात देऊ? हो. पंखा बंद करू? हो. पूर्वी पंख्यावरून वाद घालणारा हा माणूस आता सगळ्याला हो म्हणतो. जायचं ठरल्यापासून मवाळ झालेत.

१७ नोव्हेंबर, रविवार

जुन्या लेन्सची पाळी. तिला जरा लांबून फोटो घ्यावा लागतो, म्हणून बाबांना खोलीच्या मधोमध स्टुलावर बसवलं. अंगात चौकड्यांचा शर्ट, आईनं घेतलेला. "हलू नका," म्हणून खूण केली. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले, शाळेतल्या मुलासारखे. मला हसू आलं.

फोटो मऊ आले. एक नाही, सगळे. फोकस डोळ्यावरच होता, तीनदा तपासला. भिंतीवर चांगली वागलेली लेन्स चेहऱ्यावर नापास कशी होते?

दिवसभरात फोन नाही, कुणी आलं नाही. रविवारी रुक्माही येत नाही. खिचडी केली. बाबांनी मान हलवली, म्हणजे आवडली असावी.

२० नोव्हेंबर, बुधवार

सापडलं! कारण सापडलं!

काल परत स्टुलावर बसवून फोटो काढले. आज एकेक फोटो मोठा करून पाहिला. चेहऱ्यावरच्या उभ्या रेषा, म्हणजे नाकाची कड, गालावरची उभी सुरकुती, चांगल्या धारदार आहेत. आडव्या रेषा मऊ. कपाळावरच्या आठ्या, पापण्या, ओठांची फट, सगळं वर-खाली पुसल्यासारखं. लेन्सचा असा एक दोष असतो. उभ्या आणि आडव्या रेषा एकाच वेळी धारेवर येत नाहीत. पुस्तकात वाचला होता, प्रत्यक्षात प्रथमच पकडला. संग्रहालयाला असाच माणूस हवा असणार, लेन्सची नाडी ओळखणारा.

आनंदात बाबांना जाऊन सांगितलं, मोठ्यानं, "लेन्समध्ये दोष हाये! मी पकडला!" त्यांनी मान हलवली. त्यांना काय कळलं असेल कोण जाणे. पण त्या आनंदात कुणीतरी हो म्हणणारं समोर होतं, इतकंच.

संध्याकाळी नत्थूजी आले नाहीत. ते बाबांचे मिलमधले सोबती. रोज फाटकाजवळच्या बाकावर दोघं शेजारी बसतात, बोलत नाहीत, दिवे लागले की उठतात. बाबा नागपूरला चालले हे कळल्यापासून नत्थूजींचं येणं थांबलंय. बाबा आज एकटेच बसले होते, बाकाच्या एका टोकाला, दुसऱ्या माणसाची जागा सोडून.

२४ नोव्हेंबर, रविवार

अहवाल लिहून झाला. नवी ठेवावी, जुनी परत करावी, कारणांसकट. उद्या पाठवणार होतो. पण अटीचा मजकूर परत वाचला तर त्यात लिहिलंय की दोन्ही लेन्स एकाच जागी, एकाच बैठकीत पाहाव्यात. मी नवी आरामखुर्चीत पाहिली आणि जुनी स्टुलावर. म्हणजे नवीचे फोटो स्टुलावर परत घ्यावे लागणार. नुसती औपचारिकता आहे.

ताई शनिवारी बाबांना न्यायला येतेय. बाबांनी सायकल नत्थूजींच्या नातवाला देऊन टाकली. आईचा तुळशीचा डबा रुक्माला दिला. कुठल्याच गोष्टीला नाही म्हटलं नाही. मी कपाट आवरायला घेतलं तेव्हा खाटेवर पडून माझ्याकडे पाहत होते. मी वळून विचारलं, "हे स्वेटर नेता का?" तर मान हललीच नाही. नुसते पाहत राहिले. झोप लागत असेल म्हणून मीच ठेवून दिलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

नव्या लेन्सनंही स्टुलावर मऊ फोटो आले. तोच दोष, आडव्या रेषा मऊ. दोन वेगळ्या लेन्समध्ये एकच दोष कसा असेल?

कौस्तुभला फोन केला. म्हणाला, "मालगाडी गेली असन रे. जमीन हालते तुमच्याकडे." मालगाडीचा आवाज नव्हता. ट्रायपॉडखाली विटा ठेवून पाहिल्या. तेच.

अहवाल फाडला. आता काही सुचत नाही. ताई शनिवारी येणार, पुण्याला सोमवारपर्यंत कळवायचंय, आणि माझ्याजवळ एकही खरं वाक्य नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

दुपारी परत फोटो उघडले. या वेळी चेहरा सोडून शर्ट पाहिला. चौकडीच्या उभ्या रेषा धारदार. आडव्याही धारदार. कॉलरची शिवण, बटणातला दोरा, सगळं लख्ख. मग दोष लेन्सचा नव्हताच. त्याच फोटोत, बोटभर वर, हनुवटीपासून सगळं मऊ.

मी बाणाचं बटण दाबून धरलं. स्टुलावरचे सगळे फोटो एकामागून एक भराभर पुढे सरकले. शर्ट जागचा हलला नाही. डोकं तेवढं खाली, वर, खाली, वर. बाबा स्क्रीनवर हो म्हणत होते. हो, हो, हो. कुणी काही विचारलं नसताना.

मी वहीची मागची पानं चाळली. अर्धा कप. टेबलावरचा पेपर. न्हावी. मांडीखाली दाबलेले हात. आणि नऊ तारखेचं ते अंगणातलं स्टूल.

बाबा बाहेर बाकावर होते, एकटेच. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं. मान हलत होती. बारीक, पण सतत. पंधरा दिवस मी ज्या माणसाचा केस न्‌ केस तपासला, त्याच्याकडे कॅमेऱ्याशिवाय एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसलो आणि दोन्ही तळव्यांत त्यांचा चेहरा धरला. मोठा झाल्यापासून मी बाबांना असा हात लावला नव्हता. पाया पडतो तेवढाच. दाढीचे खुंट टोचले. हातात मान थरथरत होती, हळूहळू थांबली. मग कानाशी जाऊन विचारलं, "बाबा, तुमाले जाचं हाये का नागपूरले?"

मान हलली नाही. मी धरलेलीच होती. त्यांनी उजवा हात उचलला आणि आडवा फिरवला. मिलमधल्यासारखा. हातही कापत होता, पण खूण स्पष्ट होती.

"मंग हो कावून म्हनलं तुम्ही?"

"मी कवा हो म्हनलो?" बाबांचा आवाज. किती दिवसांनी एवढं लांब वाक्य ऐकलं. "तू इचारलं. मी तुह्याकडे पाहूनच राहिलो होतो, का काय म्हनावं. तू त फोनच लावला भाग्यश्रीले."

"मान हलली ना तुमची."

"हे? हे त उन्हाळ्यापासून हालते. आडवं पडलो का थांबते."

"सांगतलं कावून नाही?"

ते माझ्याकडे असं पाहत राहिले, जणू वेड्यासारखं विचारतोय. "तू रोज पाहून राहिला होता ना मले त्या मशीनमधून. मले वाटलं, याले दिसलं असन. दिसूनही धाडून राहिला म्हंजे याले जाचं हाये. मंग मी अडवू कावून?"

मला रडू आलं. बाकावरच, फाटकाशी, रस्त्यावरून लोक जात असताना. बाबांनी बाकाची रिकामी बाजू हातानं थोपटली. मी नत्थूजींच्या जागेवर बसलो.

३० नोव्हेंबर, शनिवार

ताई आली. न्यायला नाही, डॉक्टरकडे नेऊन आणायला. डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं नाही, वयाचा कंप आहे. गोळीनं कमी होईल, जाणार नाही. उशीला टेकवून बसवत चला. ताई परतताना मला म्हणाली, "मलेही दिसलं नाही रे फोनवर. तू येकट्यानं नको धरू मनात."

बाबांना परत विचारलं, आरामखुर्चीत डोकं टेकवून. म्हणाले, "तू जा पुण्याले. मी राहीन इथं, नत्थू हाये." ते खरंच म्हणत होते. पण रुक्मा गेल्यावर भरलेलं पातेलं कोण उचलणार?

२ डिसेंबर, सोमवार

पुण्याला अहवाल पाठवला. दोन ओळींचा. 'दोन्ही लेन्स उत्तम आहेत. जुन्या लेन्सवर मी घेतलेला आळ खोटा होता.' खाली लिहिलं की मी येऊ शकत नाही.

पाठवल्यावर वाईट वाटलं. खूप वाटलं. उगाच मोठेपणा कशाला आणू? परत तेच गिअर, तेच नटबोल्ट. कुणी विचारलं की पुण्याचं काय झालं, तर सांगायचं, जमलं नाही. विचारणारं तसं कुणी नाहीच.

कौस्तुभ येऊन कॅमेरा घेऊन गेला. जाताना जुनी लेन्स पुसून डबीत ठेवली. तिची माफी मागावी असं वाटलं, पण त्याच्यासमोर मागितली नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

नत्थूजी यायला लागलेत. सायकल परत आणून दिली. नातवाचं तोंड फुगलं होतं म्हणे.

बाबांना डोळ्याखालच्या डागाचं विचारलं. म्हणाले, मिलमध्ये ठिणगी उडाली होती, मी जन्मलो त्या आठवड्यात. सुट्टी मिळाली म्हणून त्यांना मला पाहायला येता आलं. एवढ्या सांगण्याला अर्धा तास लागला, मधे मधे थांबत.

नत्थूजी उठून गेल्यावर मी दारातून विचारलं, "बाबा, चहा ठेवू का?"

त्यांनी मान हलवली. हो, हो.

मी तसाच दारात उभा राहिलो.

"ठेव ना बाप्पा," बाबा म्हणाले. "कावून उभा हायेस?"

मग मी ठेवला.